सोमणचं गणित आणि कॅन्टीनचा टोला

"सोमण, फळ्याशी लग्न लागलंय का तुझं? जरा आमच्याकडे बघ!"

कॅन्टीनच्या शेवटच्या बाकावरून मी गरजलो. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात मी वेल्फेअर ऑफिसर होतो. म्हणजे कामगारांच्या रजा, कॅन्टीन, भांडणं आणि गणेशोत्सवातलं नाटक, सगळं माझ्याकडे. त्या दुपारी मात्र मी गणिताची तालीम घेत होतो.

सोमण आमच्या इन्स्पेक्शन खात्यातला तरुण एम. एस्सी. दिवसा बाटल्यांची बुचं तपासायचा, संध्याकाळी स्वतःचं गणित करत बसायचा. हैदराबादच्या एका गणित परिषदेत पेपर वाचायला त्याला बोलावलं होतं. पेपर वाचणं म्हणजे आपण नवीन काय शोधलं, ते जाणकारांपुढे दहा मिनिटांत सांगणं. तिथे एक मोठे प्रोफेसर येणार होते. त्यांना पसंत पडलं, तर सोमणला त्यांच्या हाताखाली संशोधन करता येणार होतं. नाहीतर जन्मभर बुचं.

वर्क्स मॅनेजर रजा देईनात. "चार माणसांपुढे उभा राहिला की ह्याला घाम फुटतो. कंपनीचं हसं होईल. आधी माझ्यापुढे दहा मिनिटांत संपवून दाखवू दे."

म्हणून ही तालीम. प्रेक्षक म्हणजे डबे उघडून बसलेली पहिली शिफ्ट. जेवणाची सुट्टी संपत आली तरी सोमण प्रस्तावनेतच पुटपुटत होता.

"सोमणराव," चिंचवडचा किसन फिटर म्हणाला, "आमाला कळत न्हाई ते ऱ्हाऊ द्या. पण तुमाला तरी ऐकू येतंय का?"

कॅन्टीन खदखदलं. सोमणही हसला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदा फुटला.

दारात रुळाचा तुकडा टांगलेला होता. सुट्टी संपली की त्यावर टोला पडायचा. मी फर्मान काढलं: दहा मिनिटं झाली की टोला. टोला पडला की खडू खाली, तोंड बंद, एक्झिट! आठवडाभर हेच चाललं. मग मॅनेजरसाहेब आले. सोमणनं शेवटची ओळ लिहिली आणि टोला पडला. किसननं शिट्टी मारली.

"कळलं काहीच नाही," साहेब म्हणाले, "पण वेळेत संपलं. जा."

हैदराबादहून सोमण थेट माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला.

"अध्यक्षांनी मध्येच घंटी वाजवली."

"अरे, ती इशाऱ्याची! दोन मिनिटं उरली म्हणून!"

"ते नंतर कळलं. मी खडू ठेवला आणि निघालो."

"आणि सिद्धता?"

"अर्धीच."

"गेलास कुठे?"

"तिथल्या कॅन्टीनला. पाय आपोआप तिकडेच वळले."

मी कपाळाला हात लावला. सोमणच्या तोंडावर मात्र हसू मावेना.

"मागोमाग प्रोफेसर धावत आले. 'असं अर्ध्यावर टाकून जातात का? पुढचं सांगा!' त्यांच्यामागे निम्मा हॉल. मग काय, समोर कपबशा आणि माणसं. आपल्यासारखंच वाटलं. सुटलोच मी. चहा निवला तरी कुणी उठेना."

"मग?"

"जूनमध्ये बोलावलंय त्यांनी."

"चांगला इन्स्पेक्टर घालवलात!" म्हणून साहेबांनी मला झापलं, आणि लगेच पेढे मागवले.

पुढे मी बऱ्याच पोरांना अशा परिषदांना धाडलं. परक्या ठिकाणी घंटी कशासाठी वाजते, हे आधी विचारून घ्यावं, एवढं मी शिकलो. पोरांना मात्र ते सांगत नाही.