तेशींच्या युद्धाची दुरुस्त प्रत

ओरू नावाची अख्खी जमात विश्वातून नाहीशी झाली, ती एका छापखान्यात, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. ना तोफ उडाली, ना यान फुटलं. संगणकावर बसणाऱ्या ऑपरेटरने दोनदा कळ दाबली, एवढंच. पत्ता त्यालाही नव्हता. आपण केवढा संहार केला ते न कळताच तो डबा उघडून बसला.

कादंबरी होती ग्रहमास्तरांची. नावात मास्तर असलं तरी त्यांनी शाळेत कुणाला शिकवलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ते काचा घासायचे. फिरतं चाक, त्यावर पाण्याची बारीक धार, नखांत कायमची बसलेली पांढरी भुकटी. दिवसभर लोकांना समोरची पाटी वाचता यावी म्हणून खपायचे आणि संध्याकाळी सूर्यमालेच्या बाहेर निघून जायचे. त्यांच्या सगळ्या कादंबऱ्यांत भांडण एकच. वरच्या ग्रहावर ओरू, खालच्या ग्रहावर तेशी, आणि दोघांच्या मधे बर्फाचा एक चंद्र. पाणी कुणाचं, यावरून तह व्हायचे, मोडायचे, पुन्हा व्हायचे. ओरूंना तीन गुडघे असल्यामुळे वाटाघाटीला नीट बसण्यातच त्यांचा अर्धा दिवस जायचा. ऑपरेटरला हे फार आवडायचं.

या विश्वाचा उगम मात्र साध्या जिन्यात होता. लहानपणी मास्तर आणि त्यांची धाकटी बहीण जिन्यावर खेळायचे. वरची पायरी ओरूंची, खालची तेशींची. ती कायम तेशी व्हायची. मोठी झाली, लग्न होऊन पुलापलीकडे गेली, तरी दादाची नवी कादंबरी आली की निरोप धाडायची, ‘या वेळी तरी आम्हाला जिंकू दे रे.’

मग गावात दंगल झाली. पुलाच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे लोकांचे दोन ढीग झाले. बहिणीच्या नवऱ्याचं घड्याळांचं दुकान पुलाच्या अलीकडे, मास्तरांच्याच गल्लीत होतं. ते जळलं. काही दिवसांतच अलीकडच्या चहाच्या टपऱ्यांवर ठरून गेलं, की विम्याच्या पैशांसाठी त्यांनी स्वतःच पेटवलं. बहिणीचे निरोप थांबले. आणि त्या रागाच्या भरात मास्तरांनी नवी कादंबरी लिहून काढली. तिच्यात तेशी येऊन ओरूंचं बर्फाचं कोठार पेटवतात. बर्फ कसा पेटतो हे विचारायचं नाही. मास्तरांच्या कादंबरीत पेटतो.

सगळा मजकूर जुळवून झाला होता. पानं छपाईला जाणार, त्या सकाळी मास्तर धापा टाकत छापखान्यात आले.

“अरे, नावं उलटी कर. जिथे तेशी आहे तिथे ओरू, ओरू आहे तिथे तेशी. पहिल्या पानापासून शेवटापर्यंत.”

“काका, मग गुडघे? ते तेशींना जातील.”

“जाऊ देत. दोष तेवढा जागेवर येऊ दे.”

“दोष कुणाचा?”

मास्तर खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. “दुकान पेटलं तेव्हा मी खिडकीत होतो. आपल्या गल्लीतलीच पोरं. तोंडओळखीची. मी खिडकी लावून घेतली.” मग म्हणाले, “कोठाराच्या प्रकरणात मनोऱ्यावरचा पहारेकरी बघतो आणि झडप ओढून घेतो ना, तो ओरू झाला पाहिजे. शेवटी तो चंद्रावर उतरून सगळ्यांसमोर बोलतो, मी पाहिलं होतं म्हणून. तिच्या दारात उभं राहून मला हे बोलवणार नाही. पुस्तकातलं ती ऐकेल.”

“चुटकीसरशी करतो काका. तुम्ही निर्धास्त जा.”

आणि केलं चुटकीसरशीच. आधी सगळ्या तेशींचे ओरू केले, मग सगळ्या ओरूंचे तेशी. मधे एका जमातीला तिसरंच नाव देऊन बाजूला ठेवावं लागतं, नाहीतर दुसऱ्या खेपेला नवे-जुने सगळे एकाच टोपलीत जातात, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. भूक लागली होती.

मालक घाईत, मास्तर हरखलेले. कच्ची छपाई कुणी वाचली नाही. पहिली प्रत बांधून झाली तशी मास्तरांनी न उघडताच पावाच्या गाडीवाल्याकडे दिली, कारण पुलावरून दोन्हीकडे बिनबोभाट जाणारी तेवढीच एक गाडी उरली होती.

उरलेल्या पानांच्या घड्या घालताना बांधणीवाल्या मावशी एकदम हसायला लागल्या.

“काय रे, हे आपापसातच का लढतायत?”

“कोण?”

“तेशी चालून आले तेशींवर. तेशींनी तेशींचं कोठार पेटवलं. बघणारा तेशी, झडप ओढणारा तेशी. ते दुसरे कुठे गेले, माहेरी?”

ऑपरेटरने पान हातात घेतलं आणि पुन्हा वाचलं. तेशींनी स्वतःचं कोठार स्वतः पेटवलं. टपरीवर रोज बोललं जाणारं वाक्य त्याने अक्षरबद्ध करून, बांधून, पुलापलीकडे तिच्या घरी पाठवलं होतं. दादाच्या नावानिशी.

“मावशी, हसू नका हो.”

“अरे, झालं काय कळलाव्या?” मावशींनी त्याचा चेहरा पाहिला आणि हातातली घडी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी पावाच्या गाडीवाल्याने पुस्तक परत आणलं. “काल बाईंनी हसत हसत घेतलं होतं, म्हणाल्या, थांब, चहा टाकते. आज सकाळी दारातूनच हातात दिलं.” कोठाराच्या प्रकरणात एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. त्यापुढची पानं एकमेकांना चिकटलेली, न उघडलेली. पहारेकरी चंद्रावर उतरतो, तिथवर ती पोचलीच नव्हती.

मास्तरांना सांगायला ऑपरेटर स्वतः गेला. चाक फिरत होतं. त्याने सगळं सांगितलं, भुकेसकट. मास्तरांनी चाक बंद केलं नाही. काच धरलेला हात मात्र बराच वेळ एकाच जागी राहिला, आणि त्या काचेला मधोमध खळगा पडला.

“वाया गेली,” ते काचेकडे बघत म्हणाले. “दुरुस्त प्रत काढ. आणि पोचवायचं काम तुझं. गाडीवाल्याचं नाही.”

मालकाने दुरुस्तीसाठी नव्या कागदाला हात लावू दिला नाही, तेव्हा ऑपरेटरने उरल्यासुरल्या कागदावर एकच प्रत काढली. या वेळी पेटवणारे ओरू झाले, कोठार तेशींचं. मावशींनी जाड पुठ्ठा घालून ती बांधली. पुलावर पोलिसांनी त्याला झाडून तपासलं, पुस्तक उलटं धरून झटकलं. “हे काय?” “परग्रहावरच्या लोकांचं आहे साहेब.” “इथलेच आवरेनात,” म्हणून त्यांनी सोडलं.

बहिणीच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईने खिडकी बोटभर उघडली. “गेले ते. सामानासकट. कुठे ते सांगितलं नाही.” मग त्याच्या हातातल्या पुस्तकाकडे बघून म्हणाली, “तू तिच्या भावाकडचा? जाता जाता म्हणाली, एवढे दिवस वाटत होतं दादाला तरी खरं ठाऊक आहे.” खिडकी लागली.

हेही त्याने मास्तरांना जसंच्या तसं सांगितलं. शेवटचं वाक्य गिळावंसं वाटत होतं, पण गिळलं नाही. मास्तरांनी ऐकून घेतलं, भिंतीवरच्या अक्षरांच्या पाटीसमोर त्याला उभं केलं आणि त्याचा एक डोळा पुठ्ठ्याने झाकला.

“वाच.”

खालच्या दोन ओळी त्याला लागल्याच नाहीत.

“मला वाटलंच.” पुढल्या आठवड्यात मास्तरांनी त्याच्या हाती चष्मा ठेवला. काचा स्वतः घासलेल्या, कडा लोण्यासारख्या.

“किती द्यायचे काका?”

“पुस्तक पोचलं की बघू.”

मास्तरांनी नंतर ओळही लिहिली नाही. ऑपरेटरला आता पुलापलीकडच्या दुकानांच्या पाट्यासुद्धा स्पष्ट वाचता येतात. दुरुस्त प्रत कळफलकाखालच्या खणात आहे. चष्म्याचे पैसे द्यायचे राहिलेत.