भाचीचा फॉर्म मी भरला

नाही, आज मीच सांगतो. चहा येऊ द्या, पण मध्ये कोणी बोलू नका. कारण हा किस्सा माझ्याकडून नाही ऐकलात, तर सावनेरहून कोणी ना कोणी येऊन सांगेलच. आणि तिकडचे लोक तो फार तिखटमीठ लावून सांगतात. खरं तर त्याला तिखटमिठाची गरजच नाही.

तुम्हाला माहीतच आहे, आमच्या प्रताप नगरच्या गल्लीत कोणाच्याही पोराचा प्रवेशाचा फॉर्म असला की माणसं माझ्याकडे येतात. यायची, असं म्हणू. अकरावी म्हणा, इंजिनिअरिंग म्हणा, माझा मंत्र एकच: ऑप्शन भरपूर टाका! एकच टाकला आणि तो नाही लागला, तर पोरगं घरी बसेल. वीस टाका, चाळीस टाका, त्यातला एकच तर लागणार आहे! हिंगण्याच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. तिथेसुद्धा जेवणाच्या सुट्टीत लोक मोबाइल घेऊन माझ्यापुढे उभे राहायचे. कधी चुकलो नाही हो. एकदाही नाही! तिथंच घात झाला.

सोनल माझी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी, सावनेरची. फिजिक्सचं भारी वेड. नागपूरला बी.एस्सी. करायचं म्हणून हटून बसली. भाऊजी कोळशाच्या खाणीत कामाला, मोजकंच बोलणारा माणूस. त्यांनी अट घातली, "पहिल्या सेमिस्टरले एक जरी विषय राहिला, तर गुपचूप घरी यायचं. मंग इथंच बी.ए. कर."

पोरगी रडली नाही, भांडली नाही. वही घेऊन बसली आणि आपल्याला किती विषय झेपतील ते लिहून काढलं. राहणार माझ्याकडे, म्हणून मीही छाती फुगवून म्हणालो, "भाऊजी, सोनलची जबाबदारी माही."

आता कॉलेजची नवी पद्धत अशी की फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि भाषा हे ठरलेले विषय. त्याशिवाय बारा ऐच्छिक विषयांची यादी, त्यातले कमीत कमी दोन घ्यायचे. फॉर्म ऑनलाइन. शेवटच्या दिवशी भरदुपारी सावनेरची लाइट गेली, नेट गेलं, आणि सोनलचा फोन आला.

"मामा, तुम्ही भरून द्या ना जी. ओटीपी मी सांगते. ऐच्छिकमध्ये दोनच टाका, योग अन् मशरूमची शेती. दोन्ही हलके आहेत."

"दोनच?"

"दोनच, मामा."

"हाव, हाव. मले शिकवून राहिली का वं? ओटीपी सांग."

दोनच म्हणे! मी मनातल्या मनात हसलो. सगळ्या पोरांना योगच हवा असणार, तो काय हिच्यासाठी थांबणार आहे? मी बाराच्या बारा टाकले. नुसते टाकले नाहीत, पसंतीक्रमानं टाकले. आधी योग, मग मशरूम, मग प्रथमोपचार, हवामान, मोडी लिपी, लोणची-मुरंबे, सौर दिव्यांची दुरुस्ती, असं करत करत सगळ्यात शेवटी मधमाशीपालन. फॉर्ममध्ये क्रमांक टाकायला जागाच नव्हती. पण मी त्या क्रमानं टिक केलं ना! कॉम्प्युटरला कळतं तेवढं.

शेवटी एक लाल चौकट आली. त्यात बरंच काही लिहिलेलं होतं आणि खाली होतं, 'याची संपूर्ण जबाबदारी माझी राहील.' तुम्ही वाचता का हो असल्या चौकटी? खरं सांगा! मीही टिक करून मोकळा झालो.

बायको मागे उभी होती. "ते पोरगी दोन म्हणे ना? बारा काहून टाकून राहिले जी?"

"तुले काय समजते त्यातलं? लागतीन दोनच."

आठवड्यानं टाइमटेबल आलं. सकाळी सात ते संध्याकाळी सहा. शनिवारीसुद्धा! मंगळवारी अकरा वाजता तर सोनलनं एकाच वेळी तीन ठिकाणी असायचं होतं: केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला, मोडी लिपीला आणि मधमाश्यांकडे.

"मामा, हे काय जी? बाराही लागले!"

"घाबरू नको वं. हा पहिला राउंड आहे. दुसऱ्यात आपोआप गळतात."

"पण इथं लिवलं आहे, विषय कमी करायचे असतीन तर शनिवारपर्यंत अर्ज द्या."

"हात नको लावू!" मी जवळजवळ ओरडलोच. "अशा वेळी अर्ज केला का हातातली सीट जाते. गप्प बस अन् दुसऱ्या राउंडची वाट पाहाय."

तिनं ऐकलं हो! त्याचंच तर जास्त वाईट वाटतं. तिच्या हातात सुटायची संधी होती, पाच दिवस होती, आणि मी ती हातात धरू दिली नाही. शनिवार आला आणि गेला.

पुढचे दोन आठवडे आठवले की आजही जेवण जात नाही. पोरगी सकाळी सहाला डबा घेऊन निघायची आणि संध्याकाळी तो तसाच परत आणायची. जेवताना ताटावरच डोळे मिटायचे. टेबलावर मोडीची वही, लोणच्यांची वही, हवामानाची वही. फिजिक्सच्या वहीत फक्त पहिलं पान लिहिलेलं. एका रविवारी ती हळूच म्हणाली, "मामा, तो दुसरा राउंड कधी जी? नसन होत तर मी घरी जाते. बी.ए. काही वाईट नसते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून कॉलेजात गेलो. ऑफिसात एक क्लार्क बाई होत्या.

"मॅडम, दुसरा राउंड कधी लागते?"

"कायचा राउंड?"

"विषयांचा. बारा टाकले होते, त्यातले दोन..."

बाईंनी चष्मा काढला. "त्या बारावाल्या सोनलचे तुम्ही कोण?"

"मामा."

"काका, हा ऑप्शनचा फॉर्म नाही. जेवढे टिक केले तेवढे सारे तिचे. आम्हाले वाटलं, पोरगी भलतीच हुशार आहे! प्राचार्यांनी स्वागताच्या कार्यक्रमात उभी केली होती तिले. साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या."

हे ती घरी बोललीच नव्हती. टाळ्या वाजत असताना ती बिचारी कुठे पाहत उभी असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

"आता काही उपाय?"

"वडिलांच्या सहीचं पत्र आणा. फॉर्म दुसऱ्यानं अज्ञानातून भरला म्हणून लिहा. मंग पाहू."

"अज्ञानातूनच लिहायचं का?"

"मंग काय, अनुभवातून लिहिता?"

गेलो सावनेरला. काय करता? भाऊजी नुकतेच पाळीवरून आले होते, खाटेवर बसले होते. मी पत्र पुढे केलं. 'सदर फॉर्म मुलीच्या मामाने अज्ञानातून भरला आहे.' त्यांनी ते दोनदा वाचलं. आत ताईच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"सालेसाहेब, हे तुम्ही सोता लिवलं?"

"हाव."

"बारा काहून टाकले पण?"

"मले वाटलं, एखादा तरी लागन."

हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. सही करता करता एवढंच म्हणाले, "माह्या पोरीले तिचं माप माहीत होतं. दोन म्हणे ना ते? तुम्ही ऐकलं काहून नाही?"

मी पत्र घडी करून खिशात घातलं. चहा न पिताच उठलो.

पत्रामुळे नऊ विषय सुटले. पण मधमाशीपालन अडकलं! त्याची एक चाचणी आधीच होऊन गेली होती, आणि सोनल त्या वेळी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला. शून्य मार्क. आता तो सोडताही येईना आणि भाऊजींची अटही हलेना. माश्यांपायी फिजिक्स जाणार!

मग मंगळवारच्या बुडणाऱ्या तासाच्या बदल्यात दर शनिवारी सकाळी सहाला मी तिला मोटरसायकलवर शहराबाहेरच्या मधमाश्यांच्या शेतावर न्यायचो. ती तोंडाला जाळी बांधून पेट्या उघडायची, मी लांब उभा राहायचो. तीनदा चावल्या मला. मी कोणाकडे तक्रार केली नाही.

निकाल लागला. फिजिक्समध्ये वर्गात दुसरी. मधमाश्यांत काठावर पास. अगदी काठावर! भाऊजींनी फोन केला आणि म्हणाले, "ठीक आहे."

परवा दुसऱ्या सेमिस्टरचा फॉर्म आला. सोनलनं माझ्याच कॉम्प्युटरवर चार मिनिटांत भरला. ऐच्छिक दोनच. मग म्हणाली, "मामा, एकदा पाहून घ्या जी."

म्हणजे अजून मान आहे आपल्याला! मी चष्मा लावून एकेक ओळ वाचली. या वेळी लाल चौकटसुद्धा वाचली. सगळं बरोबर होतं. शेवटी मात्र एक नवी ओळ होती, मागच्या वेळी नसलेली: 'हा फॉर्म मी स्वतः भरला आहे. मामा, काका किंवा अन्य नातेवाईकांनी भरलेला नाही.'

बघा, मामा पहिला आहे! वीस वर्षं लोकांचे फॉर्म भरले, पण एखाद्या फॉर्मवर कॉलेज मलाच छापेल असं कधी वाटलं नव्हतं. आणि त्या ओळीसमोर टिक करायला मी माउसकडे हात नेला, तर पोरीनं तो हळूच बाजूला केला.