जाळायचं नाही, डागायचं

वडवणीच्या बाजारात नागप्पांचं किराणा दुकान आहे आणि शिवभजनात ते टाळ वाजवतात. दुकान वेळेवर उघडतं. टाळांचं तसं खात्रीनं सांगता येत नाही.

गावात मोबाईलचा टॉवर उभा राहिला, त्याच वर्षी अप्पांच्या छातीत धडधड सुरू झाली. बीडच्या डॉक्टरांनी ईसीजी काढून सांगितलं की हृदयाच्या वरच्या कप्प्यात विजेचे भलतेच झटके उठतात, म्हणून ठोके बेताल पडतात. अप्पा जवळजवळ खूश झाले. भजनात कोणी डोळे वटारले की म्हणायचे, "काळीजच बेताल हाय, हात काय करतील?"

पण गोळ्यांनी भागेना. कपिलधारची यात्रा सोडाच, दुकानाची पायरी चढतानाही दम लागू लागला. शेवटी अप्पा, महानंदावहिनी आणि शेजारी म्हणून मी, असे पुण्याला गेलो.

डॉक्टर म्हणाले, "जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊ. झटके जिथून येतात तिथं थोडं जाळू. त्यांची वाट बंद झाली की ठोके ताळ्यावर येतील."

अप्पा खुर्चीतून उठलेच. "आमी लिंगायत. आमच्यात मेल्यावर बी जाळत न्हाईत, पुरतेत. तुमी तर जित्तेपणीच निघालाव!"

डॉक्टर गोंधळले. मी समजावू लागलो, तोवर अप्पांनी पिशवी उचलली होती. वहिनी मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"अहो, ल्हानपनी पोट दुखायचं तवा सासूबाईंनी बिब्ब्यानं डागलं न्हवतं का? अजून डाग हाय पोटावर. धरम बुडाला का तुमचा?"

"ते डागनं येगळं."

"हे बी डागनंच हाय. इचारा त्यांला."

डॉक्टरांनी लगेच मान हलवली. "डागणंच. फक्त आतून."

अप्पा खाली बसले. "मग आधी कावून न्हाई सांगितलं?"

डागून झालं. नंतर एक-दोनदा धडधडलं, पण तसं होईल हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मग थांबलं. रक्त पातळ ठेवायची गोळी तेवढी चालू राहिली.

पुढच्या यात्रेला अप्पा कपिलधारला स्वतःच्या पायांनी, कुठं न टेकता आले. भजन रंगलं आणि दुसऱ्याच पदाला टाळ चुकले. सगळ्यांनी वळून बघितलं. अप्पांचा हात सवयीनं छातीकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

"आता काय सांगताव?" वहिनींनी विचारलं.

अप्पांनी जरा विचार केला. "मनगट डागायचं इसरला डाक्टर."