ढालीवरचं नाव

साल २००३. माझं वय तेव्हा त्रेपन्न. शाळा तिसरीपर्यंत. तिसरी पास नव्हे, तिसरीपर्यंत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी हसायला नको. हे लिहिलंय मी, शुद्धलेखन नातीने तपासलं. वाक्यं मात्र तिला बदलू दिली नाहीत.

तेव्हा मी कतारमध्ये अल खोरला कंपनीच्या कॅम्पात राहत होतो आणि रास लफानला गॅस कारखान्याच्या बांधकामावर शटरिंगचा सुतार होतो. शुक्रवारी सुट्टी. दुपारी कंपनीची बस माणसांना दोह्याला बाजारात सोडायची आणि संध्याकाळी परत घेऊन यायची. बाकीचे लोक साबण, ब्लेड, मुलांना पाठवायच्या वस्तू घेत फिरत. मी वर्षातल्या एका शुक्रवारी बाजारात न जाता एका शाळेच्या हॉलमध्ये जायचो. तिथे मराठी मंडळाचा कथास्पर्धेचा बक्षीस समारंभ असायचा.

कथा लिहिणारे सगळे शिकलेले. इंजिनियर, बँकेतले, त्यांच्या बायका. पुण्याचे, नाशिकचे, मुंबईचे. मी शेवटच्या रांगेत बसायचो. माझ्या खोलीतला नाशिकचा मुलगा, वेल्डर होता तो, पहिल्या वर्षी त्यानेच मला नेलं होतं. "मामा, चला. भाषणं सोसायची, मग पुरी-भाजी आणि श्रीखंड." मी पुरी-भाजीसाठी गेलो. त्यानंतर दरसाल गेलो तो पुरी-भाजीसाठी नव्हे.

बक्षीस म्हणजे एक लाकडी ढाल, वर पितळी पट्टी, आणि पट्टीवर एका लेखकाचं नाव. ते नाव मी इथे लिहीत नाही. माणूस मेला आहे, त्याची मुलंबाळं आहेत. एवढंच सांगतो की तो माझ्या गावचा. वरच्या आळीतला. आमच्या बंदरावर जकातीच्या खोलीत कारकून होता. खिडकीत बसून पावत्या फाडायचा, आणि खिडकीतून जे दिसलं त्याचं त्याने पुस्तक केलं. पुस्तक फार गाजलं. मंडळाचा पहिला अध्यक्ष आमच्याच तालुक्यातला, म्हणून पुरस्काराला हे नाव.

समारंभात एक रिवाज होता. बक्षीस देण्याआधी अध्यक्षसाहेब माइक धरून, मनगटावरचं सोनेरी घड्याळ चमकवत, त्या पुस्तकातलं एक पान वाचायचे. नेहमी तेच पान, कारण त्या पानाला लोक हसतात. पानात बंदरावरची एक मासेवाली आहे. ती कमरेवर हात ठेवून कारकुनाला ओरडते, "काय रं कारकुना, मासा घेतोस का माशाचा मुका घेतोस? घ्यायचा तर घे, नायतर वाट सोड, मागं गिऱ्हाईक उभं हाय!"

ती माझी आई.

पुस्तकात नाव दुसरं घातलंय. पण डाव्या डोळ्यात फूल पडलेलं, जकातीच्या खोलीसमोर पिंपळाखाली टोपली, नवरा बुडालेला. आमच्या बंदरावर अशी दुसरी बाई नव्हती. पुस्तक आलं तेव्हा मी मुंबईला बोटींच्या दुरुस्तीला होतो. गावी गेलो की वरच्या आळीतली पोरं मला बघून "गिऱ्हाईक उभं हाय!" असं ओरडायची. एकाचे दात पाडले मी. आईला ते पान कुणी वाचून दाखवलं की नाही, ठाऊक नाही. पुढच्या वर्षी ती गेलीच.

त्या पानात पुढे खोटंही आहे. ती वरती ताजा मासा ठेवून खाली नासका भरायची, असं लिहिलंय. आणि कुणी गोड हसलं तर त्याला भाव उतरवून द्यायची, असं. कसं हसलं की किती उतरवायची, ते सगळं रंगवून. हॉल सगळ्यात मोठ्याने हसायचा तो तिथे. पहिल्या वर्षी मी ते ऐकलं तेव्हा माझ्या मुठी वळल्या. नाशिकचा मुलगाही हसत होता. मी उठून जाणार होतो. पण साहेबांनी परत ते वाक्य घेतलं, "वाट सोड, मागं गिऱ्हाईक उभं हाय", आणि माझ्याच्याने उठवेना.

आईचा फोटो नाही. आमच्यात फोटो काढायची रीत नव्हती आणि पैसा तर त्याहून नव्हता. अल खोरला समुद्र आहे, होड्या आहेत, धक्का आहे. मी संध्याकाळी तिथे जाऊन बसायचो. पण तो समुद्र ताटातल्या पाण्यासारखा, आणि मासे विकणारे बांगलादेशी लोक गुपचूप तराजूत टाकणार, बोटांनी भाव दाखवणार, खलास. वास आमच्या बंदराचा, आवाज मात्र कुठेच नाही. एवढ्या मुलखात आईचा आवाज निघायचा तो त्या हॉलमध्ये, माइकवर, एका साहेबाच्या तोंडून. म्हणून मी दरसाल जायचो. रागवायचो, ऐकायचो, परत यायचो. कुणाला बोललो नाही. नाशिकच्या मुलालाही नाही.

त्या वर्षी पहिलं बक्षीस एका नर्सबाईला होतं. तिशीच्या आतबाहेर असेल. आमच्याच किनाऱ्याची, पण खाडीपलीकडच्या तालुक्यातली. साहेबांनी पान वाचलं, लोक हसले, मग तिचं नाव पुकारलं. ती वर गेली. साहेबांनी ढाल पुढे केली. तिने हात जोडले आणि ढाल काही घेतली नाही. माइक घेतला.

"बक्षिसाबद्दल आभारी आहे," ती म्हणाली, "पण हे नाव असलेली ढाल मी घरात नेणार नाही. आत्ता तुम्ही जिला हसलात ना, तशी माझी आजी होती. तिने आयुष्यात नासका मासा विकला नाही."

साहेब म्हणाले, "अहो ताई, विनोद आहे तो. त्या काळचं लिखाण."

"त्या काळी पण माझी आजी हसली नसती, साहेब."

मग गलका झाला. कुणी म्हणालं, एवढा मोठा लेखक, त्याचं नाव काढणं म्हणजे पाप. कुणी म्हणालं, बाईचं बरोबर आहे, इथे आपल्या मुली बसल्यात. साहेब म्हणाले, श्रीखंड गरम होतंय, आधी जेवू, मग इथेच बसून ठरवू. जेवताना प्रत्येकजण नवीन नाव सुचवत होता. पुणेवाल्याला पुण्याचा लेखक हवा, नागपूरवाल्याला नागपूरचा. ज्या सोनाराने हॉलचं भाडं भरलं होतं तो म्हणाला, "माझ्या दुकानाचं नाव द्या, माझ्यावर आजवर कुणी पुस्तक लिहिलेलं नाही!" सगळे हसले. मी पुरी तशीच ठेवली. नाव गेलं की ते पान जाणार, हे मला दिसत होतं. नाव कुणाचं का असेना, पान गेलं तर माझं काय?

सभा सुरू झाली. मी उभा राहिलो. त्या हॉलमध्ये मी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"नाव काढायचं नाय."

साहेब खूश. "बघा! मामा स्वतः कोकणातले. कष्टकरी माणूस. त्यांनासुद्धा यात काही वावगं वाटत नाही."

"तुम्ही गप बसा, साहेब," मी म्हणालो. "वावगं वाटतं. तुम्ही हसता त्याच्यासाठी ठेवा म्हणत नाय मी."

नाशिकचा मुलगा माझा सदरा ओढत होता. "मामा, बसा की. यल्ला, आटपा, बस सुटेल." मी त्याचा हात झटकला.

नर्सबाई पहिल्या रांगेतून वळून बघत होती. "मामा, तुम्हाला राग नाही येत त्या पानाचा?"

"येतो. दरसाल येतो."

"मग?"

"ती माझी आई."

नर्सबाई उठली, रांगा ओलांडून मागे आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. नाशिकचा मुलगा सरकला. साहेब माइकजवळ नुसते उभे होते.

तिने हळूच विचारलं, "अशाच बोलायच्या का त्या?"

"अशाच."

"म्हणजे कशा? पुस्तकातलं नको. तुम्ही ऐकलेलं सांगा ना. एकच वाक्य सांगा."

मी तोंड उघडलं. "मासा घेतोस का," एवढंच आलं. मी थांबलो. परत आठवायला गेलो. भाकरी देताना काय बोलायची? मुंबईला निघालो तेव्हा काय बोलली? काहीतरी बोललीच असणार. कुठली आई मुलगा निघताना गप राहते? परत तेच वाक्य आलं, कारकुनाचं, शब्दाला शब्द. डोळे मिटले तर आई दिसली, पिंपळाखाली, कमरेवर हात ठेवून. आणि तिच्या मनगटावर साहेबांचं सोनेरी घड्याळ.

मी दरसाल जाऊन आई ऐकून येत होतो. त्या ऐकण्यात माझी आई थोडी थोडी पुसली गेली आणि तिच्या जागी कारकुनाची बसली, हे मला तोवर कळलं नव्हतं. लाकडाला वाळवी लागते तेव्हा वरून रंग तसाच असतो. दाबलं की बोट आत जातं.

"आठवत नाय," मी तिला म्हणालो.

दुसरी कुणी असती तर हात धरला असता, पाठीवरून फिरवला असता. तिने तसलं काही केलं नाही हे बरं केलं. मला ते चाललं नसतं.

साहेबांनी हात वर करायला सांगितले. नाव ठेवावं असं कुणाला वाटतं? मी हात वर केला. एकदा बोललो ते बोललो. नर्सबाईने माझ्या हाताकडे बघितलं, मग समोर. काढावं असं कुणाला वाटतं? तिचा हात गेला, आणि पुष्कळांचे गेले. ज्यांनी सगळ्यात मोठ्याने हसून घेतलं होतं त्यांचेही गेले. नाशिकच्या मुलाचाही गेला. आम्ही नाव ठेवा म्हणणारे हरलो. पुरस्काराला नुसतं "मंडळाचा कथा पुरस्कार" म्हणायचं ठरलं. पितळी पट्टी बदलायची आणि पान वाचायची पद्धत बंद.

बसमध्ये तो मुलगा म्हणाला, "मामा, तुमच्याच आईच्या बाजूने हात केला मी. तुम्ही कुणाच्या बाजूने केलात?"

"तुझ्या बापाच्या," मी म्हणालो. तो हसला. मी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. अल खोरच्या वाटेवर वाळू, खांब, परत वाळू. माझ्या डोक्यात ते पान आपोआप चालू होत होतं आणि मी ते थांबवत होतो. ते थांबलं की खाली काही उरत नव्हतं, नुसतं पिंपळाचं झाड.

ती बाई चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही. मी चुकलो असंही म्हणणार नाही. भुकेल्या माणसाला कुणी शिळं घातलं तर तो शिळं खातो. शिळं आहे हे त्याला ठाऊक असतं. पण ताजं कुठे मिळतं याची चौकशी करायला हवी होती, ती मी केली नव्हती. आणि एकच घर असं होतं जिथे ती करता आली असती.

दुसऱ्या दिवशी पहाटे, कामाची बस यायच्या आधी, मी कॅम्पाच्या फाटकाजवळच्या फोनवर गेलो. तिकडे एव्हाना उजाडलेलं असणार. माझी थोरली बहीण गावातच दिलेली, तिला आम्ही बाय म्हणतो. तिच्याकडे फोन नव्हता, शेजारी होता. मी कार्ड टाकलं, नंबर फिरवला आणि शेजारणीला म्हटलं, बायला बोलव. ती हाका मारत गेली. कोंबड्यांचा आवाज येत होता. कार्डातले पैसे जळत होते. माझ्यामागे दोघे उभे राहिले.

बाय धापा टाकत आली. "कोन गेलं?"

"कोन नाय गेलं."

"मग एवढ्या सकाळी? काळजात धस्स झालं माझ्या!"

"बाय, आई काय बोलायची गं?"

"काय?"

"आई घरात काय बोलायची? बंदरावरचं नको. एक वाक्य सांग."

"खुळावलास काय रं तू? तिकडं ऊन लय हाय म्हनतात, टोपी घालत नायस काय? पैशे जातायत ना फोनाचे?"

"जाऊ देत. सांग."

ती गप झाली. मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाली, "आनि काय बोलायची? टोपली डोक्यावर घेतली की दारातनं बोलायची, 'दार वढून घ्या रं, मांजर यील.' रोजच बोलायची. तुला नाय ठावं?"

"मोठ्यानं बोलायची?"

"मोठ्यानं कशाला? तू झोपलेला असायचास ना. हळूच बोलायची."

त्यावर मी काहीतरी बोलणार होतो, पण कार्ड संपलं. मागच्या माणसाच्या हातात रिसीव्हर दिला आणि फाटकाशी आलेल्या बसमध्ये जाऊन बसलो. नाशिकचा मुलगा खिडकीला डोकं टेकून झोपला होता. मी ते वाक्य म्हणून पाहिलं. पहिल्यांदा फार मोठ्याने निघालं, पुढच्या बाकावरचा माणूस वळला. मग मी आवाज कमी केला आणि परत म्हणालो.