चार बोटे वाळू

केरू तांडेल मूळचा देवगडजवळच्या खाडीकाठचा. तिथे तळाला गाळ. टाकलेला नांगर असा रुततो की उपसताना दोन माणसांना घाम फुटावा. अबूधाबीत त्याने बारा वर्षे मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीतल्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर धरला आणि त्यातली शेवटची तीन वर्षे सुट्टीच्या दिवशी उपेंद्र साहेबांच्या शिडाच्या बोटीवर काम केले.

पहिल्या वर्षी तो चुकला. पाण्याखाली पांढरे दिसले की त्याने वाळू समजून नांगर सोडावा आणि तासाभरात बोट घसरावी. असे सात वेळा झाले, हे तो स्वतःच सांगतो. बोटीच्या नोंदवहीत तीनच वेळा सापडतात, तिन्ही ‘वारा जास्त’ या शब्दांत. खरे कारण वाऱ्यात नव्हते. इथल्या बेटांभोवती चुनखडीच्या सपाट लाद्या आहेत आणि त्यांवर वाळू पसरलेली असते ती भाकरीवरच्या पिठासारखी. हे उमगल्यावर केरूने वर्कशॉपमध्ये एक सळई कापली, तिच्यावर बोटाबोटाच्या खुणा पाडल्या आणि नेम धरला: नांगर पडला की बुडी मारायची, सळई वाळूत खुपसून पाहायची, मगच जेवायचे.

यंदा उपेंद्र साहेबांनी बोटीवर पैसे घेऊन पाहुणे न्यायचे ठरवले. परवानाधारक कॅप्टन म्हणून निनाद आला, मुंबईचा, तिशीचा. त्याला खलाशीही आपलाच हवा होता. केरूला बोटीवर कायम ठेवायचे की ग्राइंडरकडे परत धाडायचे, हे पाहुणे येण्याआधीच्या या चाचणी सफरीत ठरणार होते आणि ते केरूला माहीत होते.

दुपारी ते एका बुटक्या, खालून कोरल्या गेलेल्या बेटाच्या आडोशाला पोचले. निनादने नांगर सोडला, इंजिन उलटे चालवून साखळी ताणली. बोट स्थिर राहिली. उपेंद्रच्या पत्नीने, अनुराधाताईंनी, ताटे मांडली. केरू सळई घेऊन पाण्यात उतरू लागला.

“काका, कुठे निघालात?” निनाद हसला. “चार्टवर सँड लिहिलंय. होल्डिंग गुड. नांगर पक्का धरणार.”

“लिवणारो बुडी मारून इल्लो काय?” केरूने विचारले आणि तो गेला.

वर आला तो धापा टाकत. “सायबानू, हयसर नांगर धरूचो नाय. चार बोटां वाळू, खाली कातळ. नांगराचा नुसता नाक भेगेत अडाकला.”

“केरूभाऊ, सकाळपासून हवा नाही,” उपेंद्र म्हणाले. “जेवून घेऊ की.”

“संध्याकाळी शमाल वारो येतलो. मगे ताटां घेऊन धावतलास काय?”

निनादचा चेहरा उतरला. उद्या पाहुण्यांसमोर कुणी असे बोलले तर कॅप्टनची पत काय राहील, असे तो उपेंद्रना म्हणाला. त्यात तथ्य होते. केरूने सळई निनादपुढे धरली.

“माझ्यार विश्वास ठेवू नकात. जावन बघा.”

निनादने शर्ट काढला. तो दोनदा बुडाला. दुसऱ्यांदा वर आल्यावर त्याने शिडी धरून सळईवरच्या खुणा मोजल्या.

“साडेतीन,” तो म्हणाला. “चार पण नाहीत. खलास, उचला नांगर.”

जागा मिळायला तास गेला. केरूच्या तिसऱ्या बुडीत सळई हातभर आत गेली. भात गार झाला. अनुराधाताईंनी तो तसाच वाढला. पाचच्या सुमारास वायव्येचा शमाल सुटला. साखळी ताठ झाली. केरू नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाशी बसून, बोट घसरते का ते कळावे म्हणून बेटावरची दोन टोके एका रेषेत धरून पाहत होता. अंधार पडेपर्यंत ती रेषा मोडली नाही.

पहाटे चहा घेताना निनाद आपणहून म्हणाला, “सर, माझा माणूस नको. काकाच राहू देत. मात्र पाहुण्यांसमोर मला एवढं झापायचं नाही.”

“झापलंय खंय? विचारलंय,” केरू म्हणाला.

उपेंद्र हसले. “ठरलं तर. सोमवारी मी तुमच्या फोरमनला फोन करून सांगतो, आता येणार नाही म्हणून.”

“फोन नको साहेब.” हे मात्र केरू सावकाश, पुस्तकी मराठीत बोलला. “बारा वर्षं त्या दारातून मान खाली घालून आत गेलो. बोटीवर कायम झालो हे त्यांना मी उभा राहून सांगणार.”

सोमवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून कंपनीच्या बसमध्ये चढला आणि मुसफ्फाला उतरला.