रिकाम्या ऑर्डरचा डबा

आमचं ऑफिस चौक गावात, गॅरेजच्या माडीवर. खाली ट्रकचे नट सैल होतात, वर आमचे. त्यामुळे किस्से साचत जातात, उचलून कोणी नेत नाही. पुढचे सगळे खरे आहेत, आईशप्पथ. अगदी मी जिथे हजर नव्हतो तेसुद्धा.

निलेश आमचा प्रोग्रॅमर, पळसदरीचा. शेजारच्या ढाब्यासाठी त्यानं प्रोग्रॅम लिहिला: वेटरनं मोबाइलवर ऑर्डर टिपायची, किचनमध्ये चिठ्ठी छापून निघायची. त्याच्या वडिलांनी, अण्णांनी, बजावलं होतं, "रविवारपर्यंत चाललं तर ठीक. नाय तर सोमवारी रसायनीच्या कंपनीत चिकटायचं."

*

पहिल्याच दिवशी टेबलावर बसलेल्यांना सगळं पार्सल आलं. मिसळ डब्यात, चहा पिशवीत.

निलेश ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचा, ती कडक शिस्तीची. पण पदार्थांची यादी जशीच्या तशी छाप म्हटलं की ती दोन्ही बाजूंना चौकोनी कंस ठोकते. आणि या ढाब्यावर पार्सलच्या ऑर्डरीभोवती चौकट काढायची जुनी पद्धत.

आचारी बबनदादा शांतपणे म्हणाले, "तू चौकटीत घातलंस रं, मी डब्यात घातलं."

*

निलेशनं कंस काढले. पण साध्या यादीचेच.

मग एक मोठं कुटुंब आलं. वेटरनं प्रत्येकाची ऑर्डर वेगळी टिपली, म्हणजे यादीच्या आत याद्या. कंसात कंस छापले गेले. बबनदादांनी छोटे डबे भरले, ते एका मोठ्या डब्यात रचले आणि वर झाकण लावलं.

कुटुंबातले आजोबा म्हणाले, "एवढं पॅकिंग तर आमच्या सुनेच्या आहेरालापण नव्हतं." सून ऐकत होती. पुढचं जेवण शांततेत झालं.

*

तेही कंस गेले. आता निलेशनं स्वतःच्या हातानं प्रत्येक पदार्थानंतर स्वल्पविराम लावला. शेवटच्यानंतरही.

"भजी, चहा," एवढी चिठ्ठी धरून बबनदादा उभे.

"दादा, भजी टाका की," वेटर म्हणाला.

"पुढचं येऊ दे. संपलं कुठं अजून?"

गिऱ्हाईक उपाशीच पुण्याच्या रस्त्याला लागलं.

*

रविवारी अण्णा स्वतः येऊन टेबलाशी बसले. वेटरनं विचारलं, काय आणू?

"मला काय नको. पोराचं काम बघायला आलोय."

वेटरनं सवयीनं ऑर्डर पाठवायचं बटण दाबलं. निलेशनं भरलेल्या याद्या नीट केल्या होत्या. रिकामी यादी कशी छापायची, ते सांगायचं राहून गेलं होतं. चिठ्ठीवर नुसते दोन कंस, मध्ये काही नाही.

बबनदादांनी रिकामा डबा घेतला, झाकण लावलं, रबर चढवलं आणि अण्णांपुढे पाठवला.

अण्णांनी उघडून आत बघितलं. निलेशचा चेहरा कढीसारखा पिवळा.

"मी काय मागवलं?"

"काय नाय."

"आन आलं काय?"

"काय नाय."

"मग चालतंय की रं."

यातलं शेवटचं बोलणं मी घातलंय. अण्णा नुसते उठले. डबा पिशवीत टाकून घरी गेले, आणि सोमवारी निलेश माझ्याआधी ऑफिसात होता.