मुकादमाच्या मोबाइलमधले आजार

बातमी आली तेव्हा मी अंबडला एका कारखान्याच्या गेटबाहेर पत्रकं वाटत होते. पहिली पाळी नुकतीच सुटली होती, माणसं घाईत होती, आणि फोनवर शैलाकाकूंचे यजमान सुधाकरकाका एवढंच म्हणाले, "अगं, शैला गेली. दवाखान्यातच. बसल्या खुर्चीत." मी काय बोलले ते आठवत नाही. हातातली पत्रकं मात्र संपेपर्यंत वाटली, हे आठवतं… का, ते सांगता येणार नाही. शैलाकाकू असत्या तर म्हणाल्या असत्या, "पुढारीणबाई, आधी काम संपवा, मग रडा."

त्यांना जाऊन आता दीड महिना होत आला. एवढ्यात त्यांच्यावर बरंच छापून आलं. सेवाभावी, रुग्णांची माउली वगैरे. एका बातमीत 'तालुक्यात डिजिटल नोंदी सर्वात आधी स्वीकारणाऱ्या डॉक्टर' असंही होतं. सोबत फोटो. कुणीतरी अधिकारी त्यांना मानचिन्ह देतोय आणि काकूंचा चेहरा आंबट. तो फोटो पाहून माझं डोकं फिरलं. म्हणून हे लिहिते आहे.

नाशकात द्वारका चौकाजवळ आमच्या शेजारच्या इमारतीत त्या राहायच्या आणि रोज सकाळी एसटीने चांदवडला दवाखान्यात जायच्या. नाशकात दवाखाना का नाही टाकला, असं विचारलं की म्हणायच्या, "नाशकात प्रत्येक कोपऱ्यावर डॉक्टर आहे. माझ्यावाचून कुणाचं अडलंय?" कांदा काढणीच्या दिवसांत सुरगाणा-पेठकडून मजुरांच्या टोळ्या चांदवड भागात येतात. टोळी आणणारा मुकादम म्हणेल त्या शेतात काम, तो म्हणेल तिथे मुक्काम. ही माणसं आजारी पडली की काकूंकडे यायची. गावाकडे कुणीतरी काहीतरी औषध सुरू केलेलं असायचं, पण कागद एकाकडेही नसायचा. "कसली गोळी घेत होतीस?" "पांढरी." "अगं, सगळ्याच पांढऱ्या असतात!" हा संवाद मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की मला तो पाठ आहे.

म्हणून सरकारची ती योजना आली तेव्हा काकू हरखल्या. प्रत्येक पेशंटला एक आरोग्य क्रमांक, त्याच्या मोबाइलला जोडलेली त्याची सगळी माहिती. चांदवडचा रिपोर्ट सुरगाण्याच्या डॉक्टरला दिसणार. जेवढ्या नोंदी जोडाल तेवढं प्रोत्साहन, डॉक्टरलाही आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीलाही. आमच्या कार्यकर्त्यांच्या गटाने त्याविरुद्ध पत्रक काढलं होतं, 'तुमचा आजार, कुणाचा बाजार?' मीच लिहिलेलं. काकूंनी ते नीट वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "घोषणा छान आहे गं. आता मला सांग, फिट येऊन समोर पडलेल्या बाईला गोळी कुठली देऊ?" नोंद हवी, हे त्यांचं म्हणणं मी तेव्हाच मान्य केलं होतं. पण नोंदींच्या आकड्यावर बक्षीस लावलं की काय होतं, ते मला त्यांच्याच दवाखान्यात बघायला मिळालं.

कंपनीचा एक पोरगेला माणूस लॅपटॉप घेऊन काकूंच्या दवाखान्यात बसू लागला. त्याला रोजचं टार्गेट होतं. एक दिवस पिकअपमधून आख्खी टोळी उतरली. लॅपटॉपवाला एकेका बाईला विचारायचा, "मोबाइल नंबर?" बाई मुकादमाकडे बघायची. टोळीत बहुतेकींकडे मोबाइल नव्हता आणि घरून फोन आला तर तो मुकादमाच्याच मोबाइलवर यायचा. मुकादमाने छाती पुढे काढून आपला नंबर सांगितला. "समद्यांचा हाच टाका. मी हाय ना!" लॅपटॉपवाल्याने काकूंना विचारलं, "मॅडम, एका नंबरवर कितीही जण जोडता येतात. करू का?" बाहेर रांग होती, आत एकाला सलाइन लावलेलं होतं. काकू म्हणाल्या, "आज जोडून टाक. नंतर बदलू." ही चूक त्यांची होती आणि त्यांनी ती कधीच दुसऱ्यावर ढकलली नाही. पण ज्या योजनेला नंबर कुणाचा याच्याशी घेणंदेणं नाही, फक्त जोडला की नाही याच्याशी आहे, ती योजना कुणाची चूक?

त्या टोळीत यमुना होती. हे तिचं खरं नाव नाही, आणि हे सगळं मी तिला विचारून लिहिते आहे. तिचा खोकला बरा होईना म्हणून काकूंनी थुंकी तपासून घेतली. टीबी निघाला. त्यांनी तिला सरकारी औषध सुरू करून दिलं, नीट घेतलंस तर पूर्ण बरी होशील असं समजावलं, आणि रिपोर्ट नियमाप्रमाणे नोंदीत चढला. नोंदीतून तो पोचला मुकादमाच्या मोबाइलवर. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर यमुनाला सांगितलं, "तुझं गठुडं बांध. टीबी घेऊन माझ्या टोळीत नको." काकूंना हे कळलं ते ती पुढच्या गोळ्या न्यायला आली नाही तेव्हा. तोवर ती सुरगाण्याकडे पाड्यावर परतली होती. औषध बंद.

काकूंनी तिथल्या ओळखीच्या आशा-कार्यकर्तीला गाठून गोळ्या पुन्हा सुरू करवल्या. मग लागल्या दुसऱ्या कामाला. एकच मागणी: त्या टोळीतल्या बायकांच्या नोंदींना जोडलेला मुकादमाचा नंबर काढून टाका. त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला तेव्हा मी समोर होते. स्पीकरवर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, नंबर बदलता येईल. जुन्या नंबरवर ओटीपी जाईल, तो सांगा."

"अहो, ज्याच्यापासून लपवायचंय त्यालाच विचारू?"

"सिस्टिममध्ये तसंच आहे, मॅडम."

"मग सिस्टिमला फोनवर बोलवा."

पलीकडे ती हसली. काकू हसल्या नाहीत.

अर्ज केले, ईमेल केले, नाशिकच्या कार्यालयात खेटे घातले. एक टेबल म्हणायचं कंपनीकडे जा, कंपनी म्हणायची हे वरून आहे, आणि वर नेमकं कोण बसतं ते कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी काकूंनी प्रोत्साहनाचे पैसे परत करायचं ठरवलं. तर उत्तर आलं, पैसे परत घ्यायची सोय योजनेत नाही! द्यायची आहे, घ्यायची नाही. आणि त्याच सुमारास त्यांना ते मानचिन्ह जाहीर झालं. मी म्हटलं, जाऊ नका. त्या म्हणाल्या, "जाते. तेवढाच साहेब हाताच्या अंतरावर सापडेल." स्टेजवर त्यांनी साहेबांना यमुनाची गोष्ट सांगितली, नाव न घेता. साहेब फोटोग्राफरकडे बघत म्हणाले, "फार छान काम आहे तुमचं." त्या क्षणाचा तो फोटो आहे. लोक म्हणतात, काकू किती साध्या, मानचिन्ह घेतानाही संकोचल्या होत्या. संकोच कसला, संतापल्या होत्या बाई!

मधल्या काळात काकूंनी यमुनाला निरोप धाडला होता, की स्वतःचं सिमकार्ड घे, बाकी मी बघते. बाकी त्यांना बघायला मिळालं नाही… त्या गेल्या तेव्हाही तो अर्ज प्रलंबितच होता. अजूनही आहे.

गेल्या आठवड्यात यमुना वेगळ्या टोळीबरोबर चांदवडला आली. कोर्स पूर्ण झालाय का, छाती साफ झालीय का, हे तपासून घ्यायचं होतं. तिने मला नव्या नंबरवरून फोन केला; माझा नंबर काकूंनीच त्या निरोपासोबत धाडला होता. मी गेले सोबत. काकूंच्या खुर्चीवर आता एक तरुण डॉक्टर बसतात. वाईट नाहीत, पण नजर स्क्रीनवर. त्यांनी यमुनाचं नाव टाकलं, जुनी नोंद सापडली म्हणून खूशही झाले. "आलं बघा. नोंद उघडायला ओटीपी पाठवलाय, सांगा."

यमुनाने पिशवीतून स्वतःचा फोन काढला, बघितला. "माझ्यावर काय आलं नाय."

डॉक्टरांनी नंबराचे शेवटचे आकडे वाचले. आकडे मुकादमाचे होते. यमुना आज चांदवडला दवाखान्यात बसलीय, एवढं त्याला त्या ओटीपीवरून तेवढ्यात कळलंही होतं. मी तोंड उघडलं. अर्ज, कार्यालय, नियम, सगळं एका दमात सांगायला लागले. माझा आवाज चढला असणार, कारण बाहेर बाकावरच्या बायका दारातून आत वाकून बघू लागल्या.

"ताई, थांबा," यमुना म्हणाली. मग डॉक्टरांना, "ते बंद करा. मी सांगते ना, कवा काय झालं ते. मला समदं म्हाईत हाय."

"बरं, सांगा."

"आधी दार लावा. डॉक्टरीणबाई दार लावल्याबिगर इचारत नव्हत्या."

डॉक्टर चपापले, उठले. मी स्टूल जवळ ओढलं. तशी यमुना म्हणाली, "ताई, तुमी बी भायेर."

मी बाहेर आले. आतून कडी लागली. बाकावरच्या म्हातारीने सरकून जागा दिली आणि कानाशी येऊन विचारलं, "काय झालंय वं तिला?"

"मला नाही माहीत, आजी," मी म्हटलं.